मातीतील संजीवनी

उरण गावाजवळ समुद्राच्या काठी द्रोणागिरी नावाचा एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत. पायथ्याशी करंजाची कोळीवस्ती, सभोवार भाताची खाचरे, काही मिठागरे आणि खाडीच्या कडेने तिवरांची दाट झाडी, असा हा मुलूख. अलीकडे ह्याच डोंगराचे नाव धारण करून नव्या मुंबईचा एक भाग येथे वसला आहे. द्रोणागिरी हे नाव कानी पडताच आपणां सर्वांस रामायणातील ती प्रसिद्ध कथा आठवते. लक्ष्मण शक्ती लागून मूर्च्छित पडला. सूर्योदयापूर्वी संजीवनी आणली तरच त्याचे प्राण वाचतील असे सुषेण वैद्याने सांगितले. मारुतराय उड्डाण करून द्रोणागिरीवर पोहोचले. परंतु हजारो वनस्पतींमधून संजीवनी कोणती हे त्यांना ओळखता येईना. तेव्हा त्यांनी अवघा पर्वतच उचलून आणला.

विद्यार्थिमित्रहो, ही कथा ऐकताना मारुतीच्या बळाचे आपणांस कौतुक वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु पर्वत आणल्यावर पुढे काय झाले, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्या पर्वतावरील असंख्य झाडाझुडपांतून नेमकी संजीवनी ओळखून काढिली ती सुषेणाने. पर्वत आणणे हे बळाचे काम; वनस्पती ओळखणे हे ज्ञानाचे काम. पहिले झाले आणि दुसरे झाले नसते, तर पर्वत तेथे असूनही लक्ष्मण उठला नसता.

प्रस्तुत लेखात ज्या संजीवनीची हकीकत सांगावयाची आहे, ती शोधण्यासाठी पर्वत उचलावा लागत नाही. चिमूटभर माती पुरते. परंतु सुषेणाचे काम मात्र येथे शतपटीने कठीण झालेले आहे. कारण ही संजीवनी डोळ्यांना दिसतच नाही. ती मातीतील सूक्ष्म जंतू तयार करतात.

मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडला की जो सुवास सुटतो, तो तुम्ही सर्वांनी घेतला असेल. कवींनी त्याला मृद्गंध असे सुंदर नाव दिले आहे. हा गंध केवळ मातीचा नव्हे. त्यात जो एक मुख्य पदार्थ असतो त्यास शास्त्रज्ञ जिओस्मिन म्हणतात, आणि तो तयार करण्यात मातीतील स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जंतूंचा मोठा वाटा आहे. आपले नाक ह्या पदार्थाच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की, एक लाख कोटी भागांत त्याचे पाचसहा भाग असले तरी ते आपणांस कळतात. इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, ह्याच वासाने मातीतील उड्या मारणारे काही चिमुकले जीव आकर्षित होतात, ते ह्या जंतूंवर उपजीविका करतात, आणि त्याबरोबरच जंतूंची बीजे आपल्या अंगावरून व पोटातून दूरवर नेऊन टाकतात. तेव्हा पहिल्या पावसाचा तो सुवास म्हणजे एका परीने ह्या अदृश्य शेतकऱ्यांची पेरणी सुरू झाल्याची दवंडीच होय.

हे जंतू दिसतात तरी कसे? सामान्य जंतू गोळ्यासारखे किंवा काडीसारखे असतात. स्ट्रेप्टोमायसिस मात्र बुरशीप्रमाणे बारीक धागे पसरतात. पुढे त्या धाग्यांची टोके वर येतात, त्यांचे तुकडे होतात आणि त्यांतून पिठासारखी बीजे तयार होतात. त्यामुळे पुष्कळ काळ विद्वानांनाही हे जंतू की बुरशी असा संभ्रम पडला होता. मेलेली पाने, काड्या, मुळे, कीटकांची कवचे कुजवून त्यांची पुन्हा माती करणे हे त्यांचे नित्याचे काम. मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जीव दाटीवाटीने राहतात. अन्न थोडे आणि खाणारे फार. अशा ठिकाणी स्वतःचा घास राखण्यासाठी हे जंतू नानाविध रसायने तयार करून भोवती सोडतात. त्यांतील काही शेजाऱ्याची वाढ थांबवितात, काही त्याला मारतात, तर काही केवळ निरोप देण्याचे काम करीत असावीत असे कित्येक शास्त्रज्ञांचे मत आहे. अशा रसायनांपैकी जी अत्यल्प प्रमाणात दुसऱ्या जंतूंचा नाश करतात किंवा त्यांची वाढ रोखतात, त्यांना आपण प्रतिजैविके म्हणतो.

ह्या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत सेल्मन वाक्समन ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. युक्रेनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी अमेरिकेत गेला आणि न्यू जर्सी प्रांतातील रटगर्स विद्यालयात मातीतील जंतूंचा अभ्यास करू लागला. मातीतील जंतूंचा अभ्यास! त्या काळी ह्यात कोणाला मोठी कीर्ती दिसली नसती. पण इ. स. १९३९ साली त्याचाच एक जुना विद्यार्थी रने द्युबो ह्याने मातीतील एका जंतूपासून टायरोथ्रायसिन हे जंतुनाशक द्रव्य काढून दाखविले, आणि वाक्समन ह्यांनी आपली सारी प्रयोगशाळा ह्या शोधाकडे वळविली. १९४० मध्ये त्यांना ॲक्टिनोमायसिन सापडले. ते जंतूंना मारी; परंतु प्रयोगाच्या प्राण्यांनाही मारी. १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन सापडले. प्रथम आशा वाटली. पण काही दिवसांनी त्याचाही विषारीपणा मूत्रपिंडांवर दिसून आला. संजीवनी म्हणून हाती घेतलेले दोन्ही पाले विषारी निघाले!

तिसऱ्या वेळी यश आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये वाक्समन ह्यांचा विद्यार्थी आल्बर्ट शॅट्झ ह्याला स्ट्रेप्टोमायसिसचे दोन वाण मिळाले. एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेतातील मातीतून मिळाला, तर दुसरा एका कोंबडीच्या घशातून! त्यांनी तयार केलेले द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. शॅट्झचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते आणि तो प्रयोगशाळेच्या तळघरात रात्रंदिवस काम करीत असे. ह्या द्रव्याचे महत्त्व काय, हे समजण्यासाठी त्या काळचा क्षयरोग डोळ्यांपुढे आणिला पाहिजे. रॉबर्ट कॉख ह्याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला. परंतु त्याला मारणारे औषध पुढील साठ वर्षे कोणाजवळ नव्हते. पेनिसिलिनलाही तो दाद देत नसे. मिरजेजवळ डॉ. विल्यम वानलेस ह्यांच्या नावाने वसलेल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. तेथे आणि अशा इतर सर्वच ठिकाणी मुख्य उपचार म्हणजे स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न आणि पूर्ण विश्रांती. ज्यांचे शरीर झुंजले ते वाचत, बाकीचे जात.

१९४८ साली इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्षयाच्या १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिले, ५२ जणांना केवळ विश्रांती दिली. सहा महिन्यांत औषध न मिळालेल्यांपैकी १४ दगावले. औषध मिळालेल्यांपैकी फक्त ४. मातीतून मिळालेल्या द्रव्याने हे घडविले. परंतु त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्टही दिसली. औषध घेणाऱ्या पुष्कळ रोग्यांच्या शरीरातील जंतू काही आठवड्यांतच औषधाला जुमानीनासे झाले. ह्या गोष्टीकडे आपण पुन्हा वळू.

वाक्समन ह्यांना १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते एकट्यांनाच मिळाले. त्यापूर्वीच, १९५० मध्ये, शॅट्झ ह्याने न्यायालयात दाद मागितली होती, आणि शेवटी तोही ह्या शोधाचा भागीदार होय असे मान्य करण्यात आले. मोठ्या शोधाच्या कीर्तीत तळघरात काम करणाऱ्या हातांचा वाटा विसरला जाऊ नये, एवढाच बोध आपण ह्यातून घ्यावा.

आता सुषेणाची विद्या प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. समजा, आपण द्रोणागिरीच्या उतारावरील माती तपासावयाची ठरविली. वरचा पालापाचोळा बाजूला सारून चारसहा इंच खोल गेलेली माती निर्जंतुक पळीने निर्जंतुक पिशवीत घ्यावयाची. पिशवीवर स्थळ, तारीख, खोली, जवळचे झाड हे सर्व लिहावयाचे. ज्याची नोंद नाही ती माती कितीही गुणी असली तरी निरुपयोगी; कारण पुन्हा तेथे जाता येत नाही. मग ती माती सावलीत काही दिवस वाळवितात. कोरडेपणात पुष्कळ जंतू मरतात, परंतु स्ट्रेप्टोमायसिसची बीजे तग धरून राहतात. अशा रीतीने पहिली निवड ऊन आणि वारा ह्यांनीच केली जाते.

नंतर येते विरलन. एक ग्रॅम माती नऊ ग्रॅम निर्जंतुक पाण्यात ढवळली म्हणजे दहापट पातळ झाली. त्यातील एक घन सेंटिमीटर पाणी पुन्हा नऊ घन सेंटिमीटर पाण्यात घातले म्हणजे शंभरपट. असे सहा वेळा केले की दहा लक्षपट. ह्या शेवटच्या पाण्याचा एक घन सेंटिमीटर बशीत पसरला आणि त्यातून ४० ठिपके उगवले, तर मूळ एक ग्रॅम मातीत असे किती जंतू होते? ४० गुणिले दहा लक्ष, म्हणजे ४ कोटी. गणिताच्या तासाला शिकलेला दशमान पद्धतीचा धडा येथे किती उपयोगी पडतो पाहा! जर मातीचे पाणी पातळ न करता तसेच पसरले असते, तर बशीभर एकच चिखल उगवला असता आणि ओळख कोणाचीच पटली नसती.

बशीत जंतूंचे अन्न असते. समुद्रातील शेवाळापासून काढलेला आगर नावाचा पदार्थ पाण्यात उकळून, त्यात पिठूळ अन्न व क्षार घालून तो काचेच्या चपट्या बशीत ओततात. थंड झाल्यावर तो खरवसासारखा थिजतो. सुमारे २८ ते ३० अंश उष्णतेत बश्या ठेवल्या की पहिल्या दोन दिवसांत घाईचे जंतू उगवतात. पण ज्यांची आपण वाट पाहत आहो, ते सात दिवस, चौदा दिवस घेतात. त्यांचे ठिपके कोरडे, चिवट, खडूची भुकटी शिंपडल्यासारखे असतात. कोणी पांढरे, कोणी राखी, कोणी गुलाबी. आणि बशीचे झाकण किंचित वर केले की पहिल्या पावसाचा वास येतो.

प्रत्येक ठिपका वेगळा काढून शुद्ध केला जातो. मग त्याची परीक्षा. रोगजंतू पसरलेल्या बशीवर ह्या जंतूचा एक लहानसा तुकडा ठेवतात. दुसऱ्या दिवशी सारी बशी रोगजंतूंनी धूसर झालेली असते. परंतु एखाद्या तुकड्याभोवती चंद्राच्या खळ्याप्रमाणे स्वच्छ कडे दिसते. त्या कड्यात काहीही उगवलेले नसते. शेकडो तुकड्यांमधून एखाद्याभोवतीच असे खळे दिसते, आणि ते पाहणाऱ्याला जो आनंद होतो तो वर्णन करणे कठीण.

परंतु खळे दिसले म्हणजे औषध सापडले, असे मात्र नव्हे. येथूनच खरी कसोटी सुरू होते. तो जंतू द्रव अन्नात वाढवावयाचा, त्या द्रवातून गुणकारी पदार्थ निराळा करावयाचा, आणि प्रत्येक पायरीवर विचारावयाचे की गुण कोणत्या भागात राहिला. शेवटी त्या पदार्थाचे रेणू कसे जोडलेले आहेत हे यंत्रांच्या साहाय्याने ठरवावयाचे. एवढे श्रम करून बहुधा उत्तर येते की, हा पदार्थ जगाला पूर्वीच ठाऊक आहे! वाक्समन ह्यांना निराश करणारे स्ट्रेप्टोथ्रायसिन आजही निरनिराळ्या देशांतील मातीतून पुन्हा पुन्हा भेटते. नवा निघालाच, तर तो माणसाला विषारी आहे काय, पोटातून रक्तात जातो काय, शरीरात टिकतो काय, हे प्रश्न उभेच.

ह्या सर्व पायऱ्या आपल्या महाराष्ट्रातही चढल्या गेल्या आहेत, आणि त्याची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवी. पुण्याजवळ पिंपरी येथे मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांचे साहाय्य तिला लाभले होते, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परंतु दुसऱ्यांनी शोधलेले औषध तयार करण्यावर तेथील शास्त्रज्ञ संतुष्ट राहिले नाहीत. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी भारतीय मातीतील जंतूंचा कसून शोध चालविला. त्यांतून स्ट्रेप्टोमायसिसची एक नवी जात मिळाली. तिला त्यांनी गावाच्याच नावावरून ‘पिंप्रिना’ असे नाव दिले; आणि तिच्यापासून मिळालेल्या द्रव्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘हमायसिन’ म्हटले. १९६१ मध्ये ह्या द्रव्याची माहिती संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

हमायसिन जंतूंना मारीत नाही. ते बुरशीला मारते. तान्ह्या मुलांच्या तोंडात कधी कधी पांढरा थर येतो आणि मूल दूध पिईनासे होते. तो एका बुरशीचा विकार आहे. अशा विकारांवर हमायसिनचा उपयोग झाला. येथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. जंतूंची शरीररचना आपल्याहून इतकी निराळी आहे की, त्यांना मारून आपल्याला न दुखविणारे द्रव्य शोधणे त्या मानाने सोपे. परंतु बुरशीच्या पेशी आपल्या पेशींना पुष्कळच जवळच्या. मग एकीला मारावे आणि दुसरीला वाचवावे कसे? बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. आपल्या पेशींच्या आवरणात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. हमायसिनच्या जातीची द्रव्ये पहिल्याला अधिक घट्ट चिकटतात आणि आवरणाला भोके पाडतात. एवढ्याशा फरकावर सारे औषध उभे आहे! हा फरक पुरता मोठा नाही, म्हणूनच अशा द्रव्यांचा वापर जपून करावा लागतो.

ह्याच संस्थेत ऑरिओफंजिन हे दुसरे द्रव्य मिळाले. त्याचा उपयोग माणसांपेक्षा पिकांना अधिक झाला. भातावरील करपा आणि लिंबाच्या जातीच्या झाडांवरील डिंक्या ह्यांसारख्या बुरशीच्या रोगांवर ते वापरण्यात आले. मातीतील जंतूचे द्रव्य पुन्हा मातीत उभ्या असलेल्या पिकाच्या रक्षणाला यावे, हे किती योग्य!

दुसरी हकीकत तर आपल्या अगदी जवळची आहे. द्रोणागिरीच्या भोवती जशी मिठागरे आहेत, तशीच मुंबईच्या उत्तरेस ठाण्याच्या खाडीकाठी मुलुंड येथेही आहेत. मिठागराच्या मातीत काय उगवणार? उन्हाने भाजलेली, मिठाने पांढरी पडलेली ती जमीन. परंतु मुलुंड येथे हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते, आणि तेथील शास्त्रज्ञांनी मिठागराची ती मातीही तुच्छ मानिली नाही. तिच्यातून मिळालेल्या बॅसिलस जातीच्या एका जंतूने मर्सासिडिन नावाचे द्रव्य दिले. त्याची सविस्तर माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. अवघ्या वीस अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी. परंतु जखमा चिघळविणारे जे पूयजंतू मेथिसिलिनसारख्या कडक औषधालाही जुमानीत नाहीत, त्यांवर तिचा परिणाम दिसून आला.

तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जंतू आपल्या भोवती एक भक्कम तट बांधतो. त्या तटाच्या विटा पेशीच्या आत तयार होतात आणि एका वाहकाच्या पाठीवरून बाहेर येतात. मर्सासिडिन ती वीट वाटेतच धरून ठेवते. तट अपुरा राहतो आणि जंतू मरतो. हेच काम व्हॅन्कोमायसिन नावाचे प्रसिद्ध औषध करते. मात्र दोघांची वीट धरण्याची जागा निराळी. म्हणून एकाची पकड जंतूने चुकविली, तरी दुसऱ्याची चुकेलच असे नाही.

व्हॅन्कोमायसिनचा उल्लेख आला म्हणून त्याच्या जन्माची कथाही सांगतो. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, बोर्निओच्या अरण्यात काम करणाऱ्या एका मिशनऱ्याने अमेरिकेतील आपल्या रसायनज्ञ मित्राला मातीचा एक नमुना धाडिला. मित्र औषधाच्या कारखान्यात संशोधक होता. त्या मातीत जो जंतू मिळाला त्यापासून व्हॅन्कोमायसिन निघाले, आणि १९५८ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. प्रारंभी ते इतके गढूळ असे की, संशोधक त्याला थट्टेने ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. त्या चिखलाने पुढे इतर औषधे हरलेल्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. मिशनऱ्याने जे पाठविले ते इतरांच्या दृष्टीने केवळ माती होती.

मर्सासिडिनला मात्र अद्यापि असे भाग्य लाभलेले नाही. त्याची माहिती प्रसिद्ध होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते औषधाच्या दुकानात आलेले नाही. शास्त्रज्ञ अजून त्याचा अभ्यास करीत आहेत. शोध आणि औषध ह्यांमधील अंतर किती लांब असते, ह्याचे हे घरचेच उदाहरण होय.

तुम्ही विचाराल, इतकी औषधे मिळाली असता आणखी कशाला हवीत? ह्याचे उत्तर १९४८ च्या त्या प्रयोगातच आहे. कोट्यवधी रोगजंतूंमध्ये एखादा असा असतो की ज्यावर औषध चालत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचाच वंश वाढतो. म्हणूनच क्षयावर एक औषध न देता तीनचार औषधे एकत्र आणि कित्येक महिने देतात. त्यांतील रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषधही मातीतील जंतूच्या द्रव्यापासूनच तयार केलेले आहे. रोगी बरे वाटू लागताच गोळ्या सोडून देतो. कोणी सर्दीपडशावर, म्हणजे जेथे ह्या औषधांचा काहीच उपयोग नाही तेथे, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेतो. अशा प्रत्येक वेळी आपण दुर्बळ जंतू मारून बलवान जंतूंची निवड करीत असतो. इ. स. २०१९ ह्या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. संजीवनीचा पाला आपणच निष्काळजीपणाने तुडवीत आहो.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. बशीत जे जंतू उगवतात ते मातीतील जंतूंचा अगदी थोडा अंश, शंभरांत एखादा, होत. बाकीच्यांना आपले अन्न रुचत नाही. ह्यावर एक साधी तोड निघाली. जंतूंना बारीक खणांत बंद करून ते खण पुन्हा मातीतच पुरावयाचे. म्हणजे घर त्यांचेच आणि पहारा आपला. ह्या रीतीने अमेरिकेतील मेन प्रांताच्या एका गवताळ रानातील मातीतून टेक्सोबॅक्टिन हे नवे द्रव्य मिळाले. १९१५ नव्हे, अगदी परवाच्या २०१५ साली! शिवाय २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीची संपूर्ण आनुवंशिक लिपी वाचली गेली. सुमारे ८६ लक्ष अक्षरांच्या त्या पोथीत वीसहून अधिक द्रव्यांचे पाठ सापडले. त्यांतील बहुतेक द्रव्ये त्या जंतूने प्रयोगशाळेत कधी तयार करून दाखविलीच नव्हती. ज्याला आपण जुना परिचित समजत होतो, त्याच्या पेटाऱ्यात एवढे धन न उघडलेले होते!

आता पुन्हा द्रोणागिरीकडे वळू. १९८९ मध्ये येथून जवळच न्हावाशेवा येथे मोठे बंदर सुरू झाले. रस्ते, गोदामे, वसाहती आल्या. त्यांनी पुष्कळांना पोटापाण्याचा उद्योग दिला, हे खरेच. परंतु त्याबरोबर खाडीकाठची खाजणे आणि मिठागरे भरावाखाली गेली, आणि तिवरांची रानेही तुटली. पडीक जमीन म्हणून आपण तिच्याकडे पाहिले. मुलुंडच्या मिठागराची गोष्ट ऐकल्यावर आता असे वाटते की, पडीक हा शब्द आपण जरा जपून वापरावा. भरतीचे खारे पाणी, ओहोटीचे ऊन आणि चिखलातील अपुरी हवा सोसून जे जंतू तेथे युगानुयुगे राहिले, त्यांनी कोणती रसायने तयार करण्याची कला साधली होती, हे त्या जागेपुरते आता कोणालाही कळणार नाही. मारुतीने निदान पर्वत जसाच्या तसा आणला होता. आपण तो सुषेणाने पाहण्यापूर्वीच गाडून टाकिला, तर दोष कोणाला द्यावा?

विद्यार्थ्यांनी ह्यात काय करावे? घरी अज्ञात जंतू वाढविण्याचा खटाटोप मुळीच करू नये. त्यात रोगजंतूही निघू शकतात. असे प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बश्या बंद ठेवूनच पाहावेत. परंतु एक वही प्रत्येकाला करता येईल. आपल्या गावातील निरनिराळ्या जागांच्या मातीचा रंग, पोत, ओलावा आणि पावसानंतरचा वास तारीखवार टिपून ठेवावा. तेथे कोणती झाडे आहेत, जमीन बदलली तर केव्हा व कशी, हेही लिहावे. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. अशा नोंदींवाचून कोणताही शोध पुढे सरकत नाही. आणि पालकांना विनंती अशी की, वैद्यांनी सांगितलेले औषध सांगितले तितके दिवस पुरते द्यावे, आणि न सांगितलेले देऊ नये. मुलांच्या प्रकृतीची ही काळजी तर खरीच. परंतु त्याने साऱ्या गावाच्या औषधांचे बळ राखले जाते.

येत्या मृगात पहिली सर पडेल आणि तो ओळखीचा सुवास सुटेल, तेव्हा क्षणभर थांबून पायांखालच्या जमिनीकडे पाहा. द्रोणागिरी उचलण्याचे बळ आपल्यांत कोणाच्याही अंगी नाही. परंतु सुषेणाची ओळखण्याची विद्या अभ्यासाने मिळते, आणि ती कोणत्याही शाळेतील कोणत्याही मुलाला किंवा मुलीला मिळविता येते.